रक्ताला रंग देणारी सातवी पायरी



खेळताना गुडघा फुटला की रक्त येते. ते लाल का असते, असे कोणी विचारले तर तुमच्यापैकी बहुतेक जण चटकन उत्तर द्याल, "हीमोग्लोबिनमुळे!" उत्तर बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे. हीमोग्लोबिन या नावाचे दोन भाग पाडून पाहा : हीम आणि ग्लोबिन. यांतील ग्लोबिन हे प्रथिन आहे आणि त्याला स्वतःचा असा रंग नसतो. रंग असतो तो हीमचा. ऑक्सिजन धरून ठेवण्याचे कामही हीमच करते. ग्लोबिन हे त्याला सांभाळणारे कोंदण आहे, असे म्हटले तरी चालेल.

हे हीम आपण खाण्यातून थोडेफार घेतो, पण शरीराला लागणारे जवळजवळ सगळे हीम शरीर स्वतःच तयार करते. ते कसे तयार होते, त्यासाठी लागणाऱ्या एका विकराची माहिती कोणत्या जनुकात साठवलेली असते, आणि त्या जनुकातील एका अक्षराच्या चुकीने हजारो माणसांच्या आयुष्यात काय घडले, हे आपण या लेखात पाहणार आहोत.

हीम म्हणजे काय?

चार लहान कड्या एकमेकींना जोडून एक मोठे कडे बनवावे, तशी हीमच्या रेणूची रचना असते. प्रत्येक लहान कडीत कार्बनचे चार आणि नायट्रोजनचा एक असे पाच अणू असतात. चारही कड्यांतील नायट्रोजन अणू आतल्या बाजूला तोंड करून असतात आणि त्यांच्या मधोमध लोहाचा एक अणू बसवलेला असतो. लोह नसलेल्या नुसत्या कड्याला पॉरफिरिन असे म्हणतात. ग्रीक भाषेतील जांभळा या अर्थाच्या शब्दावरून हे नाव आले आहे.

हीमोग्लोबिनच्या एका रेणूत हीमचे चार रेणू असतात. एका तांबड्या पेशीत हीमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू मावतात. म्हणजे एकेका पेशीत हीमचे शंभर कोटींहून अधिक रेणू झाले! तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. मरणाऱ्या पेशींची जागा भरून काढण्यासाठी आपली अस्थिमज्जा दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या तांबड्या पेशी तयार करीत असते. हा हिशेब केला म्हणजे हीमचा कारखाना रात्रंदिवस किती वेगाने चालत असेल, याची कल्पना येईल.

पण हीम केवळ रक्तातच असते असे मात्र नाही. स्नायूंमधील मायोग्लोबिनमध्ये ते असते. अन्नापासून ऊर्जा मिळवून देणाऱ्या सायटोक्रोम नावाच्या प्रथिनांतही ते असते. यकृतात औषधांचे आणि विषारी पदार्थांचे विघटन करणारी काही विकरे असतात, त्यांनाही हीम लागते. म्हणून अस्थिमज्जेच्या खालोखाल हीम तयार करण्याचे मोठे केंद्र म्हणजे यकृत होय. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

आठ पायऱ्यांचा जिना

हीम तयार करण्यासाठी लागणारा कच्चा माल अगदी साधा असतो. ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल आणि पेशीत सदैव तयार होत असलेला सक्सिनिल को-एन्झाइम-ए हा दुसरा पदार्थ.

ग्लायसीनचा हा भाग कसा समजला, ती हकिकत मोठी मनोरंजक आहे. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात डेव्हिड शेमिन नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. नेहमीच्या नायट्रोजनचे वजन १४ असते. परंतु १५ वजनाचा जड नायट्रोजनही निसर्गात अल्प प्रमाणात सापडतो. तो किरणोत्सर्गी नसल्यामुळे शरीराला अपाय करीत नाही. १९४५ साली शेमिन यांनी हा जड नायट्रोजन घालून ग्लायसीन तयार केले आणि सुमारे तीन दिवसांत ६६ ग्रॅम ग्लायसीन स्वतःच खाल्ले! मग ते ठरावीक दिवसांनी स्वतःचे रक्त काढून तपासू लागले. हीममध्ये जड नायट्रोजन आलेला त्यांना दिसला. एवढेच नव्हे, तर तो तेथे सुमारे चार महिने टिकून राहिला. म्हणजे हीमचा नायट्रोजन ग्लायसीनपासून येतो, हे तर समजलेच. शिवाय माणसाची तांबडी पेशी किती दिवस जगते, हेही त्याच प्रयोगातून कळले.

ग्लायसीनपासून हीमपर्यंत जाण्यासाठी आठ पायऱ्या चढाव्या लागतात आणि प्रत्येक पायरीवर काम करणारे विकर वेगळे असते. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. त्यालाच एन्झाइम असेही म्हणतात. पहिली पायरी पेशीतील तंतुकणिकांमध्ये, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियामध्ये होते. तेथे ग्लायसीन व सक्सिनिल को-एन्झाइम-ए एकत्र येऊन ए.एल.ए. या संक्षिप्त नावाचे आम्ल बनते. हे आम्ल तंतुकणिकेबाहेर पेशीद्रवात येते. दुसऱ्या पायरीवर ए.एल.ए.चे दोन रेणू जुळून एक लहान कडी बनते. तिसऱ्या पायरीवर अशा चार कड्या एका रांगेत गुंफल्या जातात. चौथ्या पायरीवर रांगेची दोन टोके जुळून मोठे कडे तयार होते. पाचव्या पायरीवर कड्याच्या कडेला असलेल्या काही अणुगटांची छाटणी होते. मग ते कडे पुन्हा तंतुकणिकेत शिरते. सहाव्या पायरीवर आणखी थोडी छाटणी होऊन प्रोटोपॉरफिरिनोजेन नावाचा पदार्थ बनतो.

आता गंमत पाहा. इतके सगळे होऊनही या पदार्थाला अजून रंग नाही! तो पाण्यासारखा रंगहीन आहे. सातव्या पायरीवरील विकर त्यातून हायड्रोजनचे सहा अणू काढून घेते. तेवढ्याने कड्यातील बंधांची मांडणी अशी काही बदलते, की ते कडे दृश्य प्रकाशातील काही रंग शोषून घेऊ लागते, आणि रंगहीन पदार्थाचा तांबूस जांभळा प्रोटोपॉरफिरिन तयार होतो. शेवटच्या, आठव्या पायरीवर त्याच्या मधोमध लोहाचा अणू बसवला जातो. हीम तयार!

म्हणजे रक्ताला जो रंग चढतो, तो सातव्या पायरीवर. या पायरीवरील विकराचे नाव प्रोटोपॉरफिरिनोजेन ऑक्सिडेज असे लांबलचक आहे. आपण त्याला सोयीसाठी "सातवे विकर" म्हणू.

करून पाहा

प्रोटोपॉरफिरिन डोळ्यांनी पाहायचे असेल, तर त्यासाठी प्रयोगशाळेत जावे लागत नाही. तपकिरी कवचाचे कोंबडीचे अंडे घ्या. कवचाचा तपकिरी रंग मुख्यतः प्रोटोपॉरफिरिनचाच असतो. काही दुकानदारांकडे नोटा तपासण्याचा जंबुपार, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा असतो. मोठ्या माणसांना बरोबर घेऊन, अंधाऱ्या खोलीत त्या दिव्याखाली ते अंडे धरा. कवच लालसर गुलाबी चमकू लागेल. पांढऱ्या अंड्यावर ही चमक दिसत नाही किंवा अगदीच फिकी दिसते. दिव्याकडे मात्र थेट पाहू नका; जंबुपार किरणांनी डोळ्यांना इजा होते.

प्रोटोपॉरफिरिन प्रकाश शोषून घेते आणि त्यातील ऊर्जा पुन्हा बाहेर टाकते, हे या प्रयोगावरून दिसते. अंड्याच्या कवचावर ही ऊर्जा नुसती चमक दाखवून नाहीशी होते. परंतु हाच पदार्थ जिवंत कातडीत साठला आणि त्यावर ऊन पडले तर? तेव्हा ही ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला मिळते, तो अतिशय क्रियाशील बनतो आणि आसपासच्या पेशींची नासधूस करतो. ही गोष्टही ध्यानात असू द्या.

जनुकातील एक अक्षर

आठ विकरे तयार करण्याची माहिती आपल्या पेशींतील निरनिराळ्या जनुकांमध्ये असते. सातव्या विकराचे जनुक पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. त्याला शास्त्रज्ञ पी.पी.ओ.एक्स. असे म्हणतात. १९९५ च्या सुमारास त्याची रचना उलगडली.

जनुक म्हणजे डी.एन.ए.च्या चार अक्षरांत लिहिलेला मजकूर. ए, टी, जी आणि सी ही ती चार अक्षरे. यातील दर तीन अक्षरांचा एक शब्द होतो आणि प्रत्येक शब्द एका अमिनो आम्लाचे नाव सांगतो. सातवे विकर ४७७ अमिनो आम्लांच्या साखळीचे बनलेले आहे. तेव्हा विकराची माहिती सांगणारा मजकूर ४७७ शब्दांचा, म्हणजे १,४३१ अक्षरांचा झाला.

या मजकुरातील ५९ वा शब्द आहे सी-जी-जी. त्याचा अर्थ आर्जिनीन. हा शब्द कितव्या अक्षरापासून सुरू होतो? आधीच्या ५८ शब्दांची अक्षरे ५८ × ३ = १७४; म्हणून तो १७५ व्या अक्षरापासून सुरू होतो. समजा, या १७५ व्या जागी सी ऐवजी टी पडले. मग शब्द झाला टी-जी-जी. त्याचा अर्थ ट्रिप्टोफॅन, म्हणजे एक अगदीच निराळे, आकाराने मोठे अमिनो आम्ल. साखळीत ५९ व्या जागी आर्जिनीनऐवजी ट्रिप्टोफॅन आले की विकर जवळजवळ निकामी होते. अशा बदलाला उत्परिवर्तन म्हणतात.

आपल्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली आणि दुसरी वडिलांकडून आलेली. एक प्रत बिघडली तरी दुसरी चांगली असते. त्यामुळे शरीरात सातवे विकर निम्मे का होईना, पण तयार होते. निम्म्या विकरावर भागते का? हो, एरवी अगदी सहज भागते. अशा माणसाचे रक्त लालच असते आणि त्याला या कारणाने रक्तक्षयही होत नाही. आपल्याकडे असे काही आहे, हे त्याला आयुष्यभर कळतही नाही.

मग या चुकीमुळे काही बिघडतच नाही की काय? याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला तीनशेहून अधिक वर्षे मागे आणि आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाला जावे लागेल. कारण नेमकी हीच चूक तेथे हजारो माणसांमध्ये आढळते.

केपमधील एक लग्न

१६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने आफ्रिकेच्या केप या भागात आपली वसाहत स्थापन केली. युरोपातून हिंदुस्थानाकडे आणि पूर्वेकडील बेटांकडे जाणाऱ्या जहाजांना ताजे अन्न व पाणी मिळावे, हा तिचा हेतू होता. वसाहतीत पुरुष पुष्कळ होते, पण लग्नाच्या मुली फारच थोड्या. म्हणून १६८८ मध्ये हॉलंडमधील रॉटरडॅम येथील अनाथाश्रमातून आठ मुली जहाजाने केपला पाठवण्यात आल्या. त्यांपैकी आरियांत्ये याकोब्स हिचे त्याच वर्षी गेरिट यान्स या वसाहतकऱ्याशी लग्न झाले. या दोघांपैकी कोणाच्या तरी पेशींत ते चुकलेले अक्षर होते.

ते अक्षर मुलांमध्ये उतरले, मुलांकडून नातवंडांकडे गेले. बिघडलेली प्रत प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. त्या काळी केपमधील शेतकऱ्यांची कुटुंबे मोठी असत. आपण एक कच्चा हिशेब करू. प्रत्येक कुटुंबात पाच मुले मोठी झाली आणि त्यांतील सरासरी अडीच जणांकडे बिघडलेली प्रत गेली असे धरा. मग दहा पिढ्यांनंतर अशी माणसे किती होतील? अडीचला अडीचने, असे दहा वेळा अडीच घेऊन गुणाकार करा. उत्तर साडेनऊ हजारांच्या आसपास येईल! एका जोडप्यापासून सुरू झालेला वंश हजारांच्या घरात कसा जातो, हे यावरून दिसेल. मोजक्या माणसांपासून वाढलेल्या समाजात एखादे दुर्मिळ जनुक असे सर्रास आढळू लागते, याला संस्थापक परिणाम असे म्हणतात.

डॉक्टर डीन यांचा शोध

१९४७ साली जेफ्री डीन नावाचे इंग्रज डॉक्टर दक्षिण आफ्रिकेतील पोर्ट एलिझाबेथ शहरात व्यवसाय करू लागले. या शहराचे नाव २०२१ मध्ये बदलून गेबेर्हा असे करण्यात आले. तेथे त्यांच्या पाहण्यात एक चमत्कारिक आजार आला. पोटात असह्य कळा, उलट्या, जलद चालणारी नाडी, भ्रमिष्टासारखे वागणे, पाठोपाठ हातापायांतली शक्ती जाणे, असे त्याचे स्वरूप होते. काही रोग्यांत श्वासाचे स्नायूही लुळे पडत आणि रोगी दगावे. कित्येकदा लघवी कोकमाच्या आगळासारखी गडद लाल होई. पोटातील कळा पाहून कोणी शस्त्रक्रिया करायला घेई, पण पोटात तर काहीच सापडत नसे. मग हा सारा मनाचा खेळ आहे, असेही रोग्याला ऐकावे लागे.

डीन यांना आढळले, की अनेकांचा हा झटका झोपेची गोळी किंवा शस्त्रक्रियेची भूल दिल्यानंतर सुरू झाला होता. ही औषधे बार्बिच्युरेट नावाच्या गटातली होती. त्यांना असेही दिसले, की या रोग्यांचे वडील, काका, भाऊ यांच्या हातांच्या मागच्या बाजूला उन्हाने फोड येत, कातडी सहज सोलली जाई आणि जखमांचे व्रण राहत. त्या कुटुंबांना याचे काहीच वाटत नसे. आमच्या घराण्याची कातडीच अशी, असे ते म्हणत.

उन्हाने सोलणारी कातडी आणि भुलेनंतर येणारा जीवघेणा झटका, या दोन गोष्टींचा काही संबंध असेल असे कोणाला वाटले असते का? डीन यांना तो वाटला. त्यांनी शेतमळ्यांवर जाऊन माणसे तपासली. आपल्याकडे कुळवृत्तांत लिहितात, त्याप्रमाणे चर्चमधील नोंदी आणि घराण्यांच्या वंशावळी जुळवल्या. जीवरसायनतज्ज्ञ बार्न्स यांच्या मदतीने रोग्यांच्या मलमूत्रातील पॉरफिरिनांचे प्रमाण तपासले. एकामागून एक घराण्यांचे धागे मागे मागे जात राहिले आणि अखेर ते १६८८ च्या त्या एका लग्नापाशी येऊन मिळाले. या आजाराला व्हेरिगेट पॉरफिरिया असे नाव आहे. व्हेरिगेट म्हणजे विविध रूपांचा. कारण तो कधी कातडीवर दिसतो, कधी मज्जातंतूंवर, तर कधी दोन्हींवर. दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकानर समाजात हजारी सुमारे तिघांमध्ये तो असावा, असा अंदाज केला गेला. केपमधील मिश्रवंशीय समाजातही तो आढळतो.

डीन यांचा अंदाज खरा होता का, याची अंतिम कसोटी १९९६ मध्ये लागली. केप टाउन विद्यापीठातील पीटर माइसनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घराण्यांतील माणसांचे सातव्या विकराचे जनुक वाचले. बहुतेक सर्व कुटुंबांत एकच चूक निघाली : ५९ व्या शब्दात सी च्या जागी टी! पुढे हॉलंडमधील काही कुटुंबांतही हीच चूक सापडली. ती तेथूनच जहाजाने केपला आली, या गोष्टीला त्यामुळे दुजोरा मिळाला.

झटका का येतो?

आता मघाची यकृताची गोष्ट आठवा. बार्बिच्युरेटसारखे औषध पोटात गेले की त्याचे विघटन करण्यासाठी यकृत आपली खास विकरे मोठ्या प्रमाणावर तयार करू लागते. या विकरांना हीम लागते. यकृतातील हीमचा साठा कमी होतो आणि "आणखी हीम पाहिजे" असा इशारा पहिल्या पायरीला मिळतो. पहिली पायरी एकदम जोरात सुरू होते.

ओढ्यावरील पुलाखाली पाणी जायला दोन मोऱ्या आहेत आणि त्यांतली एक बुजलेली आहे, असे समजा. एरवीचे पाणी एका मोरीतूनही सहज वाहून जाते. एक मोरी बंद आहे, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पण पूर आला म्हणजे? पाणी तुंबते आणि मागच्या शेतात शिरते. येथेही तसेच होते. सातवे विकर निम्मेच असल्यामुळे त्याच्या अलीकडे प्रोटोपॉरफिरिनोजेन तुंबते. ते तिसऱ्या पायरीच्या कामातही अडथळा आणते. मग अगदी सुरुवातीचे ए.एल.ए.सारखे पदार्थ रक्तात साठू लागतात आणि मज्जातंतूंचे कार्य बिघडते. पोटातील कळा आणि लुळेपणा यांचे मूळ येथे आहे.

अस्थिमज्जेतील कारखान्याचे नियंत्रण निराळे असते. तेथील पहिली पायरी औषधांच्या इशाऱ्यावर चालत नाही, म्हणून तेथे असा पूर येत नाही.

आणि कातडीचे काय? तंतुकणिकेतून बाहेर सांडलेल्या प्रोटोपॉरफिरिनोजेनमधील हायड्रोजन विकराच्या मदतीवाचूनही, ऑक्सिजनमुळे आपोआप निघून जातो आणि त्याचे रंगीत पॉरफिरिन बनते. पण भलत्याच जागी! ते रक्तावाटे कातडीत पोचते. त्यावर ऊन पडले की फोड येतात.

डीन यांनी यावरून एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. हे जनुक १६८८ पासून केपमध्ये आहे. पण बार्बिच्युरेट गटातील पहिले औषध १९०३ साली बाजारात आले आणि भूल देण्यासाठी त्या गटातील थायोपेंटोन १९३४ पासून वापरात आले. त्याआधीची दोनशेहून अधिक वर्षे या घराण्यांतील माणसे मोठी कुटुंबे वाढवीत जगली. उन्हाने हात सोलले जात, यापलीकडे बहुतेकांना काही त्रास नव्हता. जनुक तेच राहिले; बदलली ती भोवतालची परिस्थिती. चुकलेले अक्षर हे आजाराचे अर्धे कारण. उरलेले अर्धे कारण बाहेरून येते.

कांद्याच्या वाफ्यातील सातवे विकर

मित्रहो, हे सातवे विकर तुमच्या आमच्यातच असते असे नाही. ते झाडांमध्येही असते. झाडातही प्रोटोपॉरफिरिनपर्यंत जाणारा जिना जवळजवळ असाच आहे. फरक पडतो तो शेवटी. कड्याच्या मध्यभागी लोह बसवले की हीम होते; लोहाऐवजी मॅग्नेशियम बसवले की त्यापासून पुढे हरितद्रव्य होते. रक्ताचा लाल आणि पानाचा हिरवा हे रंग असे एकाच जिन्यावरून येतात!

महाराष्ट्रात कांद्याच्या पिकात तण मारण्यासाठी ऑक्सिफ्लोरफेन नावाचे तणनाशक फवारतात. ते नेमके वनस्पतींतील सातव्या विकरालाच बंद पाडते. मग प्रोटोपॉरफिरिनोजेन भलत्या जागी सांडते, त्याचे प्रोटोपॉरफिरिन बनते, आणि ऊन पडले की तणाची पाने करपून जातात. केपमधील शेतकऱ्याच्या हातावरचा फोड आणि वाफ्यातील करपलेले तण, या दोहोंच्या मुळाशी एकच रासायनिक क्रिया आहे.

माहिती हेच औषध

चुकलेले अक्षर दुरुस्त करता येत नाही, तरी या माणसांचे प्राण वाचवता येतात. कसे, ते तुम्हीच सांगू शकाल. पुरामुळे पाणी तुंबते, तेव्हा पूरच येऊ द्यायचा नाही! झटका आणणारी औषधे टाळायची आणि भूल देण्यासाठी सुरक्षित औषधे निवडायची. त्यासाठी आपल्या घराण्यात हा दोष आहे, हे रोग्याला आणि डॉक्टरांना आधी ठाऊक असावे लागते. म्हणूनच अशा कुटुंबांतील सर्वांची तपासणी करतात आणि दोष असलेल्यांना तशी सूचना लिहिलेले कार्ड किंवा मनगटातील कडे जवळ बाळगायला सांगतात.

झटका आलाच तर शिरेतून हीमच देतात. हा उपाय १९७१ मध्ये प्रथम करून पाहण्यात आला. बाहेरून हीम मिळाले की यकृताची मागणी पुरी होते, पहिली पायरी मंदावते आणि पूर ओसरतो. २०१९ पासून पहिल्या पायरीचे विकर तयार होण्यालाच आवर घालणारे एक नवे औषधही उपलब्ध झाले आहे.

यापुढे रुग्णालयात एखाद्या नातेवाइकाबरोबर गेलात आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारले, "घरात कोणाला पूर्वी भुलेचा त्रास झाला होता का?", तर तो प्रश्न केवळ एक रिवाज म्हणून विचारलेला आहे असे समजू नका. त्या एका प्रश्नाच्या खऱ्या उत्तराने माणूस वाचू शकतो. आजी-आजोबांना विचारून आपल्या घरातील आजारांची माहिती वहीत लिहून ठेवणे, हे तुमच्यापैकी कोणालाही करता येण्याजोगे काम आहे.

विचार करा

१. वडिलांकडे सातव्या विकराच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली आहे. आईच्या दोन्ही प्रती चांगल्या आहेत. त्यांना चार मुले असतील तर नेमक्या दोघांतच दोष येईल का? नाणे चार वेळा उडवून, असे वीस वेळा करून पाहा आणि मग उत्तर द्या.

२. जनुकाच्या मजकुरातील १०० वा शब्द कितव्या अक्षरापासून सुरू होईल?

३. लोहाच्या गोळ्या घेऊन व्हेरिगेट पॉरफिरिया बरा का होत नाही? जिन्याच्या कोणत्या पायरीवर लोह लागते, ते आठवा.

उत्तरे आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा आणि त्यांच्याशी चर्चा करा.